खाते तेच, नाव नवे

२०२३ च्या उन्हाळ्यात मी मुलीकडे लेस्टरला होते. नातीच्या शाळेत आठवड्यातून एकदा मुलांना गोष्टी वाचून दाखवायला पालक हवे होते आणि मुलीने उत्साहाने होकार कळवला होता. पण होकार दिला म्हणून उद्यापासून वर्गात जाऊन बसायचे, असे तिकडे चालत नाही. मुलांच्या सहवासात येणाऱ्या माणसाची पूर्वपीठिका आधी तपासली जाते. डीबीएस या नावाने ओळखला जाणारा एक सरकारी विभाग हे काम करतो. त्याचा अर्ज ती संध्याकाळी संगणकावर भरत होती आणि मी शेजारी मेथी निवडत होते. एका रकान्याशी ती थांबली आणि हसून म्हणाली, "आई, हा रकाना तुझ्यासाठी केलाय बघ."

आजवर आपण वापरलेली सर्व नावे लिहा, असे तिथे विचारले होते. कोणते नाव कधीपासून कधीपर्यंत वापरले, तेही. मुलीने लग्नानंतर काहीच बदललेले नाही, त्यामुळे तिचे काम एका ओळीत झाले. मी मात्र मनातल्या मनात मोजू लागले. आईवडिलांनी ठेवलेले नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव, हे पहिले. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिले गेले ते दुसरे. त्यात माझे पहिले नावसुद्धा माझे राहिले नव्हते. कादंबऱ्या लिहू लागले तेव्हा माहेरचे पहिले नाव आणि सासरचे आडनाव अशी मोट बांधली, ते तिसरे. बँकेत सहकारी एका चौथ्याच सुटसुटीत नावाने हाक मारीत. साठी ओलांडलेल्या एका पापभीरू बाईची चार नावे! आणि यातले एकही मी कोणाला फसवण्यासाठी घेतलेले नाही.

त्याच सुमारास ब्रिटनमध्ये नावबदलाचाच एक वेगळा वाद पेटलेला होता. लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेले लोक नाव बदलून पोलिसांच्या देखरेखीतून निसटत होते आणि कायदा त्यांना ते सहज करू देत होता. मार्च महिन्यात संसदेत यावर खास चर्चा झाली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत बीबीसीने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, तीन वर्षांत सातशेहून अधिक नोंदणीकृत लैंगिक गुन्हेगारांचा माग पोलिसांना लागेनासा झाला होता. हरवलेला प्रत्येक जण नाव बदलूनच हरवला, असे अर्थातच नाही. पण ज्याला हरवायचे आहे त्याच्यासाठी नावाइतके स्वस्त साधन दुसरे कोणते?

ही व्यवस्था आधी समजून घ्यायला हवी. ब्रिटनमध्ये लैंगिक गुन्हेगारांची नोंदवही १९९७ च्या कायद्याने सुरू झाली आणि २००३ च्या लैंगिक गुन्हे कायद्याने ती अधिक कडक झाली. एकट्या इंग्लंड-वेल्समध्ये या नोंदवहीतील माणसांची संख्या २०२४ पर्यंत सत्तर हजारांच्या घरात गेली होती. शिक्षा भोगून बाहेर आलेल्या अशा माणसाने पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन नाव, जन्मतारीख, पत्ता द्यायचा. पोलीस त्याचे छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेऊ शकतात. २०१२ पासून पारपत्राचा आणि बँक खात्यांचा तपशीलही द्यावा लागतो. यात काही बदल झाला तर तीन दिवसांच्या आत कळवायचे. न कळवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. कागदावर पाहिले तर चोख बंदोबस्त.

आता दुसरी बाजू. इंग्लंडच्या कायद्यात नाव ही माणसाची स्वतःची गोष्ट मानतात. सज्ञान माणसाने 'डीड पोल' नावाचा एक कागद लिहायचा, साक्षीदारासमोर सही करायची, की नाव बदलले. न्यायालयात त्याची नोंद करता येते, पण ती केलीच पाहिजे अशी सक्ती नाही. त्या कागदावर नवे पारपत्र निघते, वाहन परवाना निघतो, बँकेत खाते उघडते. कागद लिहिताना आपण कोणत्या नोंदवहीत आहात का, असे कोणी विचारत नाही. कारण विचारणारे तिथे कोणी नसतेच.

म्हणजे सगळी भिस्त कशावर, तर गुन्हेगाराने स्वतः येऊन "साहेब, मी नाव बदलले" असे सांगण्यावर. आपल्याकडे याला चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात. जो प्रामाणिकपणे कळवतो, त्याच्यापासून मुळात धोका कमी. ज्याच्यापासून धोका आहे, तो कळवणार नाही. न कळवण्याबद्दल पाच वर्षांची शिक्षा जरूर आहे. पण ती द्यायला तो आधी सापडायला हवा, आणि शोधायचे तर जुन्या नावाने शोधायचे!

हे वाचताना मला माझी एक जुनी शाखा आठवली. १९९४ साल असावे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मी कर्जविभाग पाहत होते. एक गृहस्थ ट्रकसाठी कर्ज मागायला आले. बोलणे अदबीचे, कागदपत्रे चोख. मी पाहणी केली, शिफारस केली, कर्ज मंजूर झाले. पाच-सहा महिन्यांनी शेजारच्या जिल्ह्यातल्या शाखेतले एक सहकारी कामानिमित्त आले होते. त्यांनी माझ्या टेबलावरच्या अर्जावरील छायाचित्र पाहिले आणि म्हणाले, "बाई, हे तर आमचे थकबाकीदार!" फक्त नाव निराळे होते. चौकशी केली तेव्हा कळले की त्या गृहस्थांनी रीतसर प्रतिज्ञापत्र केले होते, राजपत्रात नावबदल छापून आणला होता आणि मगच माझ्याकडे आले होते. त्यांनी मला दिलेला एकही कागद खोटा नव्हता. आमच्या अर्जात 'पूर्वीचे नाव' असा रकानाच नव्हता. मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. असा रकाना असावा म्हणून मी विभागीय कार्यालयाला पत्र लिहिले. "सूचना विचाराधीन आहे" असे उत्तर आले आणि माझी बदली झाली तोवर ती विचाराधीनच होती.

पैसा बुडाला तर बँकेचा ताळेबंद बिघडतो. इथे प्रश्न मुलांचा आहे, म्हणून ही तुलना मी जपूनच करते. पण चूक एकाच जातीची आहे. नाव ही ओळख समजायची आणि नाव बदलले की माणूसही बदलला असे धरून चालायचे, ही ती चूक.

या चुकीची किंमत काय होऊ शकते, हे ब्रिटनने २००२ साली पाहिले होते. केंब्रिजशायरमधल्या सोहम या लहानशा गावात ऑगस्ट महिन्यात दहा वर्षांच्या दोन मैत्रिणींचा खून झाला. खुनी इयन हंटली हा गावातल्याच शाळेचा केअरटेकर. त्याच्यावर हंबरसाइड भागात १९९५ ते १९९९ या काळात मुलींशी आणि स्त्रियांशी संबंधित लैंगिक स्वरूपाच्या अनेक तक्रारी आल्या होत्या. शिक्षा एकीतही झालेली नव्हती, त्यामुळे तो नोंदवहीत नव्हता, हे इथे स्पष्ट केले पाहिजे. शाळेत नोकरी धरताना त्याने आईचे माहेरचे आडनाव लावले होते, निक्सन. आणि यातली सर्वांत बोचणारी गोष्ट अशी की, पूर्वी हंटली या नावाने ओळखला जात होतो, हे त्याने अर्जात लिहिले होते! सर मायकल बिचर्ड यांच्या चौकशी समितीने २००४ साली अहवाल दिला, त्यात हे सारे आले आहे. केंब्रिजशायर पोलिसांनी राष्ट्रीय संगणकावर तपासणी केली ती फक्त निक्सन या नावाने. दुसरे नाव समोर असून कोणी टाकले नाही. तिकडे हंबरसाइडच्या पोलिसांनी जुन्या तक्रारींच्या नोंदी नीट ठेवल्याच नव्हत्या. त्यामुळे खरे नाव विचारले असते तरी तिथून फारसे हाती लागले नसते, असेही समितीला दिसले.

म्हणजे नुसता रकाना असून भागत नाही. रकान्यातले वाचणारा माणूस लागतो, आणि वाचलेले ज्याच्याशी ताडून पाहायचे ती वहीही जागेवर लागते. लेस्टरला मुलीच्या अर्जात दिसलेला तो प्रश्न विचारणारी आजची तपासणी-व्यवस्था बऱ्याच अंशी सोहमच्या धक्क्यातून घडत गेली. तरीही तिच्यात एक भोक राहिलेच. सर्व नावे लिहा, असे अर्ज सांगतो. खोटे लिहिणे गुन्हा आहे, असेही बजावतो. पण लिहिणारा पुन्हा तोच!

हे भोक चव्हाट्यावर आणले ते मुख्यतः पीडितांनीच. लहानपणी अत्याचार सोसलेल्या काही स्त्रिया मोठेपणी धीर करून पोलिसांकडे गेल्या, तेव्हा त्यांना कळले की तो माणूस मधल्या काळात नावे बदलत राहिला आहे. ज्या नावाची भीती बाळगून त्या जगल्या, ते नाव त्याने केव्हाच टाकून दिले होते. ब्रिटनमध्ये २०११ पासून पालकांना एक हक्क देशभर मिळाला आहे. आपल्या मुलांच्या संपर्कात आलेल्या माणसाविषयी शंका आली तर पोलिसांकडे विचारणा करता येते. आता कल्पना करा, एखादी एकटी आई धीर करून ठाण्यात जाते आणि नव्या मित्राचे नाव देते. ते नाव सहा महिन्यांपूर्वी जन्मलेले असेल, तर तिला काय उत्तर मिळणार? आणि काही नाही असे उत्तर मिळाले, तर ती पूर्वीपेक्षा अधिक निर्धास्त होणार. अपुरी तपासणी ही तपासणी नसण्यापेक्षा कधी कधी घातक ठरते, ती अशी.

संसदेत हा प्रश्न सातत्याने लावून धरला तो सारा चॅम्पियन यांनी. त्या रॉदरहॅमच्या मजूर पक्षाच्या खासदार. हे तेच रॉदरहॅम, जिथे १९९७ ते २०१३ या काळात सुमारे चौदाशे मुलांचे लैंगिक शोषण झाले आणि यंत्रणा पाहत राहिल्या, असे २०१४ सालच्या अहवालाने उघड केले होते. त्यांची एक मागणी साधी होती: अशा माणसाच्या पारपत्राच्या आणि वाहन परवान्याच्या सरकारी फाइलीवर खूण असावी, म्हणजे नावबदलाचा अर्ज येताच पोलिसांना कळेल. खूण फाइलीवर, माणसाच्या कपाळावर नव्हे. मला ही सूचना बँकेतल्या माणसाची वाटली. संयुक्त खात्यावर वाद असेल तर आम्ही लेजरच्या पानावर लाल शाईने टीप लिहून ठेवत असू. गिऱ्हाइकाला ती दिसत नसे. काउंटरवरच्या कारकुनाला मात्र दिसल्याशिवाय राहत नसे.

इतर देशांनी काय केले? अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने नोंदणीकृत लैंगिक गुन्हेगाराला नोंदणीच्या काळात नाव बदलायला मनाई केली आहे. कॅलिफोर्नियात न्यायालयाने असा अर्ज फेटाळायचा. मात्र न्यायाच्या दृष्टीने तो मान्य करणे योग्य असेल आणि लोकांच्या सुरक्षेला बाधा येत नसेल, तर अपवाद करायचा. कॅनडात अल्बर्टा प्रांताने २०२० साली आणि ब्रिटिश कोलंबियाने २०२४ साली गंभीर गुन्हेगारांच्या नावबदलाला आळा घालणारे कायदे केले. ब्रिटनचे मात्र बराच काळ 'विचाराधीन' चालले होते. आधीच्या सरकारच्या विधेयकात तरतूद आली, पण जुलै २०२४ च्या निवडणुकीसाठी संसद विसर्जित झाली आणि ते विधेयक बारगळले. मग २०२५ च्या फेब्रुवारीत नव्या सरकारने मांडलेल्या गुन्हे व पोलीस विधेयकात ती पुन्हा घातली गेली. तिचे सार असे: नाव बदलल्यावर नव्हे, तर बदलण्याआधी पोलिसांना कळवायचे, आणि ज्याच्याबाबत पोलिसांना धोका वाटतो, त्याला परवानगीशिवाय नव्या नावाचे पारपत्र वा वाहन परवाना मागता येणार नाही.

या दोन कलमांतले दुसरे मला अधिक महत्त्वाचे वाटते. 'आधी कळवा' म्हटले तरी कळवणारा तोच राहतो. परंतु पारपत्राच्या आणि परवान्याच्या खिडकीवरच अडवले, तर जबाबदारी गुन्हेगाराच्या सचोटीवरून उठून खिडकीमागच्या माणसावर येते. आणि नुसते नाव बदलून जगता येत नाही; नोकरीला, घरभाड्याला, बँकेला छापील कागद लागतोच. पाणी तोडायचे तर बांधावर तोडावे, वाफ्यावाफ्यात धावून उपयोग नाही.

इथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. शिक्षा भोगून झाली; मग माणसाला आयुष्यभर जुन्या नावाला बांधून ठेवायचे का? आपल्याला तर हा प्रश्न अधिक जवळचा आहे. नोंदवहीत माणसे डांबली की काय होते, हे आपल्या मातीने पाहिले आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी पारध्यांपासून कैकाड्यांपर्यंत जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, ठाण्यात हजेरी लावली, सोलापूरला तारेच्या कुंपणात कोंडल्या. तो कायदा १९५२ साली गेला, संशय अजून गेलेला नाही. म्हणून नोंदवही हा शब्द ऐकला की मी सावध होते.

पण फरक आहे. ती नोंदवही जन्मावर होती, ही न्यायालयात शाबीत झालेल्या कृत्यावर आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली असेही ठरवले की, फेरविचाराची कसलीच सोय नसलेली आजन्म नोंद मानवी हक्कांशी विसंगत आहे. त्यानंतर, सज्ञान वयात गुन्हा केलेल्याला सुटकेपासून पंधरा वर्षांनी नोंदीचा फेरविचार मागण्याची सोय झाली. हे मला योग्य वाटते. नोंदवहीतून बाहेर पडण्याचा दरवाजा असावा. मात्र तो समोरचा दरवाजा असावा, मागची खिडकी नसावी. नाव बदलून निसटणे म्हणजे फेरविचार नव्हे.

नाव बदलण्याची गरज खरोखर असणारे लोक निराळेच असतात. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून पळालेली बाई, जातीचे आडनाव टाकू पाहणारा तरुण, तृतीयपंथी माणूस, आणि स्वतः अत्याचारातून वाचलेली मुलगी. यांची वाट बंद होता कामा नये, आणि होण्याचे कारणही नाही. त्याच डीबीएसमध्ये तृतीयपंथी अर्जदारांसाठी वेगळी सोय आहे. पूर्वीचे नाव ते एका स्वतंत्र कक्षाला गुप्तपणे कळवतात. तपासणी दोन्ही नावांनी होते, पण शाळेला वा मालकाला मिळणाऱ्या दाखल्यावर जुने नाव उमटत नाही. लपवणे आणि जपणे यांतला हा फरक एका सरकारी खात्याला कळतो, तर कायद्याला का कळू नये?

आता थोडे आपल्याकडे. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहिती-नोंद केंद्रीय गृहखात्याने सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू केली. ती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे आणि फक्त पोलीस व तपासयंत्रणांना पाहता येते. सुरुवातीलाच तिच्यात चार लाख चाळीस हजारांहून अधिक नोंदी होत्या. दुसऱ्या बाजूला प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातली जाहिरात आणि राजपत्र या पायऱ्यांनी नाव बदलण्याची आपली पद्धत. ती निदान जाहीर तरी आहे, डीड पोलसारखी घरात बसून होणारी नाही. पण राजपत्राच्या शेवटच्या पानांवरचे नावबदल वाचते कोण? माझ्या ट्रकवाल्याचे नाव तिथे छापलेच होते. या दोन वह्या शेजारीशेजारी ठेवून ताडल्या गेल्या पाहिजेत, आणि शाळा, वसतिगृहे, क्लास, क्रीडासंस्था यांच्या नोकरीच्या अर्जात पूर्वीच्या नावाचा रकाना सक्तीचा हवा. यासाठी विलायतेच्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

अर्थात, एवढ्याने मुले सुरक्षित होतील असे मानणे भाबडेपणाचे होईल. आपल्याकडील सरकारी आकडेवारी वर्षानुवर्षे सांगते की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो. काका, शेजारी, शिकवणीचे सर. त्यांना नाव बदलावे लागत नाही. त्यांचे चांगले नावच त्यांची ढाल असते. नोंदवही ही शिक्षा झालेल्यांपुरती. तक्रारच न झालेल्यांसाठी दुसरी लढाई लढावी लागेल. पण मोठी लढाई बाकी आहे म्हणून हातातले भोक बुजवायचे नाही, हा युक्तिवाद मी बँकेतही पुष्कळ ऐकला आहे, आणि तो सहसा काम टाळणाऱ्याच्या तोंडी असतो.

माझे लग्न झाले तेव्हा बँकेने माझ्या सेवापुस्तकात नवे नाव घातले. जुने खोडले नाही; त्याच्यापुढे 'विवाहापूर्वीचे नाव' असे लिहून तारीख टाकली आणि हेडक्लार्कने सही केली. माझा कर्मचारी क्रमांक मात्र पहिल्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत एकच राहिला. पदोन्नत्या, बदल्या आणि ट्रकच्या कर्जाबद्दल मला आलेला खुलासा मागणारा मेमोसुद्धा त्याच क्रमांकाखाली चिकटवलेला आहे. नाव बदलले म्हणून तो मेमो काढून टाका, असे मी म्हटले असते तर हेडक्लार्क हसला असता.

माझ्यासारख्या बाईकडून जेवढे विचारले गेले, तेवढेच या माणसांकडून विचारावे, एवढीच मागणी आहे. आणि उत्तर त्यांच्या मर्जीवर सोडू नये.